न छापलेलं पान

"मावशी, आज पुस्तक मी घरी नेणार आहे," डब्याचं झाकण दाबत धाकटी म्हणाली. "आजच्या दिवसाचाच प्रश्न आहे. उद्या सकाळी जसंच्या तसं आणून देते."

रेडिओमावशीचा घास हातातच राहिला.

टेबलाभोवतीच्या बाकीच्या दहाजणींना त्यात काही विशेष वाटलं नाही. कुणी डबा विसळायला उठली, कुणी अ‍ॅप्रनवरचे दोरे झटकले. मावशी मात्र हातातला घास तोंडात घालायचा असतो हेसुद्धा विसरली.

"कशाला गं?" तिने विचारलं. आवाज अगदी सहज निघाला. आवाजाच्या बाबतीत ती कधीच कमी पडायची नाही. त्याच आवाजावर तर एकोणीस वर्षं निघाली होती.

"परवाचं पान दाखवायचंय घरी," धाकटी म्हणाली. "त्या टपालवालीचं."

शर्टांच्या या कारखान्यात मशिनांचा हॉल पलीकडे आणि काजं-बटणांची खोली अलीकडे, मध्ये जाड भिंत. भारी शर्टांना इथे हातानेच बटणं लावतात. कॉलरला एक, पुढे सात, कफांना चार, आणि आतल्या शिवणीत एक जादाचं. सुईचा काही आवाज होत नाही, त्यामुळे ही खोली शांत, आणि बाराजणी बायका दिवसभर त्या शांततेत एकमेकींची उणीदुणी काढून थकलेल्या. एकोणीस वर्षांपूर्वी अशाच एका कंटाळवाण्या दुपारी मावशीने पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, पुढे काय झालं? झालं. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीनंतर चहाची घंटा होईपर्यंत मावशी वाचणार, आणि तेवढ्या वेळातले तिच्या वाटणीचे पाच शर्ट बाकीच्या आळीपाळीने लावणार, असा नेम पडला. त्या शर्टाला नावच होतं, 'मावशीचा शर्ट'. आज मावशीचा शर्ट कुणाकडे, असं विचारायचं, की जिची पाळी ती निमूट हात वर करायची.

सुपरवायझरने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, हा रेडिओ कुणी लावलाय? नाव तिथून पडलं. त्याची अट एकच होती, संध्याकाळी एक शर्ट जरी कमी भरला तरी रेडिओ बंद. एकोणीस वर्षांत एकही कमी भरला नव्हता.

आणि त्या पुस्तकांनी काय काय केलं म्हणून सांगायचं! दोघींनी मुलींची नावं पुस्तकांतून उचलली. एकीने भांडकुदळ शेजारणीला भर जिन्यात सांगितलं, की आपल्या वर्तनाचा मला खेद वाटतो. शेजारीण जी गप्प झाली ती आठ दिवस बोललीच नाही. एकीचा नवरा उशिरा आला की ती म्हणायची, ही सबब मला मान्य नाही, आणि तो बिचारा कोर्टात उभा राहिल्यासारखा कारणं द्यायचा. या खोलीत तंटा झाला तर कुणी मोठ्या माणसाकडे जात नसे. अमक्या पुस्तकातल्या बाईने काय केलं होतं, ते कुणीतरी आठवून सांगायचं आणि तंटा मिटायचा. कारखान्यातल्या बाकीच्या बायका त्यांना 'पुस्तकी टेबल' म्हणून चिडवत. या चिडायच्या नाहीत, उलट मान ताठ करायच्या.

मावशीला यातलं एकही वाक्य कधी आपलं वाटलं नव्हतं. ती फक्त वाचणारी. घरी ती वहिनीची नणंद होती, मागच्या खोलीत राहणारी, भाच्यांचे कपडे उसवले की जिला हाक मारतात ती. लहानपणी वडील शाळेत शिपाई होते. ते रद्दीत निघालेली पुस्तकं आणायचे, तीही अर्धीमुर्धी. कशाला सुरुवात नाही, कशाला शेवट नाही. सातवीत शाळा सुटली, तरी ती वाचतच राहिली. सामानाच्या पुड्या सुटल्या की आधी कागद वाचायची आणि मग सामान डब्यात भरायची. पण ते वाचन एकटीचं. या टेबलाशी आल्यावर मात्र ती तोंड उघडायची आणि अकराजणी तिच्याकडे बघायच्या. बघायच्या म्हणजे नजर शर्टावर, कान तिच्याकडे. आयुष्यात कुणीतरी आपली वाट बघतं, ती जागा तिच्यासाठी म्हणजे ही खुर्ची.

आणि त्याच खुर्चीत बसून गेले तीन आठवडे ती खोटं वाचत होती.

सुरुवात थंडीत झाली. शब्दाच्या बरोबर मध्यावर कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखा डाग दिसायला लागला. अंगठा हलवायला जावं तर तोही नजरेबरोबर हले. कडेचं सगळं दिसे, दार, खिडकी, बायकांचे खांदे. जे बघायचं नेमकं तेवढंच गायब. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतोय, चष्म्याचा उपयोग नाही. मावशीने हे वहिनीला सांगितलं नाही आणि टेबलाला तर नाहीच. बटणं ती बोटांनी चाचपून लावायची. सुई मात्र बाथरूममध्ये नेऊन ओवायची, कारण किती वेळा हुकतं ते कुणी बघायला नको. वाचताना आधी एखादा शब्द अंदाजाने भरला. मग एखादी ओळ. टपालवालीच्या कादंबरीचं नववं प्रकरण संपलं आणि दहाव्याचं पहिलं पान तिला नुसतं राखाडी दिसलं. समोर अकरा सुया चालू होत्या. ती एक क्षण थांबली, खाकरली, आणि सांगायला लागली.

आता थांबावं कसं? टेबल म्हणायला लागलं, मावशी, एवढं चांगलं पुस्तक आजवर आणलं नव्हतंस.

गोष्ट होती टपालाच्या कचेरीत पत्रांची वाटणी करणाऱ्या एका बाईची. घरी नवरा, म्हातारी आई आणि एक मुलगी. मावशीने दहाव्या प्रकरणात म्हाताऱ्या आईला मारलं. टेबलावर मुसमुस झाली. अकराव्यात नवरा मुलीची शाळा सोडवायला निघाला, आणि परवाच्या दुपारी टपालवाली त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझ्यासाठी कुणी दार उघडलं नाही, त्याची मी तक्रार केली नाही. पण तिचं उघडं दार माझ्या हाताने लावायला मला सांगू नका." हे वाक्य कुठून आलं ते मावशीलाही कळलं नव्हतं. एवढंच खरं, की त्याच्या आदल्या दिवशी तिने धाकटीला मुलीच्या शाळेवरून शेजारणीशी कुजबुजताना ऐकलं होतं आणि मग नळाशी तोंड धुताना पाहिलं होतं, आणि तोंड धुवायला एवढा वेळ लागत नाही.

धाकटी आता काही धाकटी राहिली नव्हती, पस्तिशी उलटली होती. पण आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलं. चौथीपर्यंतचं शिक्षण विसरून बसलेली पोर मावशीच्या डाव्या हाताला बसायची आणि मावशीचं बोट ओळीवरून फिरेल तशी नजर फिरवायची. दोन वर्षांत अडखळत का होईना, वाचायला लागली. आणि म्हणूनच तीन आठवड्यांपूर्वी मावशीने, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो असं सांगून, आपली खुर्ची टेबलाच्या पार टोकाला नेली होती.

"घरी दाखवून काय करणारेस?" मावशीने विचारलं.

धाकटीने सगळं सांगितलं. दबक्या आवाजात, पण टेबल ऐकतच होतं. मुलगी सोळा वर्षांची, शाळेची दोन वर्षं राहिलेली. नवऱ्याच्या मनात तिला दिराच्या दुकानात माल लावायला बसवायचं. शाळेतून नाव काढायचा अर्ज त्याने आणला होता, त्यावर आईचीही सही लागते. उद्या द्यायचा. नवरा वाईट नव्हता, हात उगारणारा नव्हता, वाद घालणाराही नव्हता. त्याचा फक्त एकच हेका, छापलेल्यावर विश्वास. औषधाच्या खोक्यावरचं वाचेल, तिकिटाच्या मागचे नियम वाचेल, आणि बायको काही बोलली की विचारेल, कुठे छापलंय का?

"मी बोलले तर म्हणेल, हे टेबलावरचं डोकं," धाकटी म्हणाली. "पान समोर ठेवलं तर वाचेल तरी. कुणीतरी शहाण्या माणसाने विचार करून लिहिलंय, छापलंय, उगीच नाही."

मावशीने सांगितलं, की पुस्तक आजच वाचनालयात परत द्यायचं आहे, मुदत संपली. धाकटी म्हणाली, मग मीच उद्या देऊन येते, माझ्या वाटेवरच आहे. मावशी म्हणाली, वाचनालयवाला दुसऱ्याच्या हातून घेत नाही. यावर टेबलाच्या मधल्या जागेवरून मोजपट्टी बोलली.

मोजपट्टी म्हणजे टेबलातली सगळ्यांत थोरली. प्रत्येकीचं काम, वागणं, डब्यातला घास, सगळं नजरेने मोजणारी. तिला विनोद कळायचे, पण हसायचं ती उद्यावर टाकायची.

"गेल्या वर्षी मीच नेऊन दिलं होतं की एक," ती म्हणाली. "घेतलं त्याने. दे ना तिला. पुस्तकाला काय सोनं लागलंय?"

घंटा झाली. टेबलाने सुया उचलल्या. मावशी टोकाच्या खुर्चीत बसली, पुस्तक मांडीवर उघडलं, खूण म्हणून घातलेला कागद काढला. चहाच्या घंटेला तासभर होता, आणि त्यानंतर पुस्तक धाकटीच्या पिशवीत जाणार होतं. मग ती घरी दिव्याखाली बसणार, बोट ठेवून एकेक ओळ बघणार, आणि ते वाक्य तिला कुठेच सापडणार नाही. उद्या टेबलाला कळेल. वाचायला येत नाही असं एकदा कळलं, की सुई कशी ओवतेस हेही कुणीतरी विचारेल. मग खुर्ची गेली, टेबल गेलं, आणि उरली मागची खोली.

भीतीत माणसाला सुचतं ते नेहमीच शहाणपणाचं नसतं. मावशीला वाटलं, ते पान नेण्याचं कारणच उरलं नाही तर? टपालवालीनेच माघार घेतली तर धाकटी कशाला नेईल पुस्तक?

तिने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. सकाळ झाली, टपालवाली उठली. रात्रभर तिला झोप नव्हती. तिने विचार केला, की नवरा म्हणतो त्यातही काही चूक नाही. शिकून तरी काय, शेवटी हाताला काम लागणार ते लागणारच. आपण उगाच आवाज चढवला. घरात शांतता असावी.

खोलीतली हवा बदलली. दिसत नसलं तरी मावशीला कळत होतं. एरवी दोरा कापडातून ओढला जाताना बारीक सुर्र सुर्र चालू असे, ती एकेका जागी थांबत गेली.

"असं लिहिलंय?" मोजपट्टीने विचारलं.

मावशी पुढे वाचत राहिली. आता थांबणं जास्त धोक्याचं होतं. टपालवालीने कपाटातून लेखणी काढली. नवऱ्याने आणलेला शाळेचा कागद टेबलावर ठेवला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. सही केली.

पलीकडच्या हॉलमधल्या मशिनांची घरघर भिंतीतून ऐकू येत राहिली. मग टेबलाच्या डाव्या बाजूला पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मावशीने मान कडेला वळवली, तेवढंच तिला दिसायचं, कडेचं. धाकटीने एक घडी घातलेला कागद काढला होता. शर्ट बाजूला सारला, कागद सपाट केला, आणि शेजारणीकडे माप लिहायचं पेन मागितलं.

"अगं, काय करतेस?" शेजारीण म्हणाली.

"करून टाकते," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तिनेही केली शेवटी. एवढी पुस्तकात लिहिण्यासारखी बाई ती. मग मी कोण मोठी लागून गेले?"

पेनाचं टोपण निघाल्याचा टक्क असा आवाज झाला.

"थांब," मावशी म्हणाली. "सही करू नकोस. असं नाहीये पुस्तकात."

"मग कसं आहे?"

"मला माहीत नाही."

अकरा तोंडं तिच्याकडे वळली. तिला ती दिसली नाहीत, नुसते फिकट गोळे दिसले, आणि प्रत्येक गोळ्याच्या मध्ये तो अंगठा.

"मला दिसत नाही गं," ती म्हणाली. "थंडीपासून. नवव्या प्रकरणानंतर मी एक ओळ वाचलेली नाही. तीन आठवडे सगळं मीच सांगतेय."

असं बोलून झालं की रडू येतं म्हणतात. तिला आलं नाही. नुसती तहान लागली.

पहिल्यांदा बोलली ती कोपऱ्यातली, जी वाचनाच्या वेळी हमखास पेंगायची. ती म्हणाली, "तरीच. चार दिवस तू पान उलटलं नाहीस. मला वाटलं, जाड पुस्तक आहे, पानंही मोठीच असतील." कुणी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण मोजपट्टी उभी राहिली होती.

"म्हणजे ती म्हातारी मेली, ते?"

"ते मीच."

"मी घरी जाऊन रडले होते," मोजपट्टी म्हणाली. "जेवले नाही. सून विचारायला लागली, कोण गेलं. मी सांगितलं, आमच्या टेबलातलं एक माणूस गेलं. कोण गेलं मग?"

"कोणीच नाही."

मोजपट्टीने आपल्या पुढ्यातला एक शर्ट उचलला. त्या दिवशी मावशीचा शर्ट तिच्याकडे होता. चार बटणं लावून झाली होती, नऊ बाकी होती. ती टेबलाच्या टोकापर्यंत चालत आली, मावशीच्या मांडीवरचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी शर्ट ठेवला.

"आम्ही तुझे शर्ट शिवले ते पुस्तकासाठी," ती म्हणाली. "हा तुझा. तूच लाव."

तेवढ्यात चहाची घंटा झाली म्हणून बरं. टेबल उठलं. एकेक पाऊल मावशीच्या खुर्चीजवळून जाताना जरा हळू होई आणि पुढे जाई. कुणी हात लावला नाही, कुणी टाकूनही बोललं नाही. एकोणीस वर्षांत चहाला जाताना तिला 'चल' असं कुणी म्हटलं नाही असं आजवर झालं नव्हतं. ती बसून राहिली. बोटांनी शर्टाच्या पट्टीवर पाचव्या बटणाची जागा शोधली, खडूची खूण असते तिथे. खूण बोटांना लागत नाही. मग चौथ्या बटणापासून चार बोटं अंतर मोजलं आणि तिथे नख दाबून धरलं.

"दाराचं वाक्य. तेही तुझंच?"

धाकटी गेलीच नव्हती.

"माझंच," मावशी म्हणाली.

"मला उद्देशून?"

मावशीने नळाचं सांगितलं. मग तिने घडी घातलेल्या एका शर्टातून आतला पुठ्ठा ओढून काढला, तो पांढऱ्या बाजूने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "परत सांग. सावकाश सांग, मी लिहून घेते."

मावशीने डोळे मिटले. आता उघडे काय आणि मिटलेले काय! ती म्हणाली, "मला कुणी दार उघडून दिलं नाही, तर नाही, पण माझ्या मुलीचं दार..." आणि अडकली. पुन्हा सुरुवात केली. या वेळी तक्रार आधी आली आणि दार नंतर. तिसऱ्यांदा तर दाराची खिडकी झाली. ते त्या दुपारी एकदाच तोंडातून निघालं होतं. छापलेलं असतं तर पुन्हा काढून वाचता आलं असतं. वाऱ्यावर गेलेलं ती कुठून आणणार? तिला आता खरोखर रडू यायला लागलं.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "मला पाठ आहे."

पेन पुठ्ठ्यावर चालायला लागलं. धाकटी शब्द पुटपुटत लिहायची, तशी सवयच होती तिला. माझ्यासाठी. कुणी. दार. उघडलं. नाही. मावशी एकेक शब्द ऐकत होती आणि तिला वाटत होतं, आपण हे कुणा दुसऱ्याचं ऐकतोय, आणि चांगलं आहे. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. लिहून झाल्यावर धाकटीने विचारलं, खाली नाव कुणाचं घालू, तो विचारेल कुणी लिहिलंय म्हणून.

"अक्षर तुझं आहे," मावशी म्हणाली.

मग पेन परत टेकलं आणि नावापुरती एक लहानशी ओळ लिहिल्याचा आवाज आला. अर्ज तिने तसाच बिनसहीचा पिशवीत टाकला, पुठ्ठा त्याच्यावर ठेवला.

पुस्तक तिने नेलं नाही. न्यायचं कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाऊ की नको या विचारात मावशीने वहिनीसमोर दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. शेवटी आली. टेबलाशी जागा घेतली आणि मान खाली घालून बटणं लावायला बसली. धाकटी आली, शेजारच्या स्टुलावर टेकली आणि तिनेच सांगितलं. नवऱ्याने पुठ्ठा हातात घेतला, वाचला. विचारलं, हे कुठे छापलंय? ती म्हणाली, कुठे नाही, मी लिहिलंय. त्याने पुठ्ठा उलटा केला. मागे कॉलरचं माप आणि 'दुमडू नये' एवढं छापलेलं होतं, ते मात्र त्याने दोनदा वाचलं.

"मग?"

"मग काही नाही. जेवला, झोपला. सकाळी अर्ज मागितला नाही. मीही दिला नाही." धाकटीने दोरा दाताने तोडला. "पिशवीतच आहे अजून. उद्या मागेल कदाचित. मागू दे."

जेवणाच्या सुट्टीनंतर घंटा झाली, आणि कुणालाच काय करावं ते सुचेना. टोकाची खुर्ची रिकामी होती. पुस्तक कालच्याच जागी पडलं होतं. नेमका तेव्हाच सुपरवायझर आत आला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, आज रेडिओ बंद का? मावशीला वाटलं, आता मोजपट्टी सांगणार. सांगण्याचा हक्कच होता तिचा.

मोजपट्टीने मान वर केली नाही. "पाळी बदललीय," ती म्हणाली. "आजपासून धाकटी वाचते. तिचे शर्ट आम्ही लावतो. मावशीचे मावशी लावते. संध्याकाळी मोजून घ्या."

सुपरवायझर गेला. मोजपट्टी मावशीकडे वळली नाही, बोलली नाही. पुढे आठ दिवस बोलली नाही. पण धाकटीला म्हणाली, "बघतेस काय? ऊठ."

धाकटी उठली. खुर्चीत बसताना तिने ती दोनदा पुढे-मागे सरकवली. दहावं प्रकरण शोधायला तिला बराच वेळ लागला, पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग तिने बोट ठेवलं आणि सुरुवात केली. वाचत कसली, दगडांवर पाय ठेवत पाणी ओलांडत होती. एकेक शब्द धरायचा, तोल सांभाळायचा, मग पुढचा. पहिलं अर्धं पान नुसतं टपालाच्या पोत्यांचं होतं, कुठलं पोतं किती जड आणि कुणी उचललं. कोपऱ्यातली पेंगायला लागली. मग टपालवाली घरी पोचली आणि खाटेवरून म्हातारी आई म्हणाली, आज एवढा उशीर का केलास?

मोजपट्टीची सुई थांबली.

"जिवंत आहे की," ती म्हणाली. कुणालाच नाही, शर्टाला म्हणाली. आणि मग जरा वेळाने, "पुढे वाच."

मावशीच्या हातात तिसरा शर्ट होता. चार भोकांचं बटण बोटांच्या पेराखाली फिरवून तिने ते नखाने केलेल्या खुणेवर बसवलं. तिच्या टपालवालीचं आणि या टपालवालीचं काही जुळत नव्हतं. ही जास्त शांत होती, कमी बोलायची. कुणी लिहिलं असेल हिला, मावशीला प्रथमच वाटलं. आजवर लिहिणाऱ्याचा विचार तिने कधी केला नव्हता.

"तिने पत्राचा," धाकटी वाचत होती, "पत्राचा म... मज..." आणि थांबली. जोडून पाहिलं, सोडून पाहिलं. टेबलावर सगळ्या सुया खाली आल्या आणि अकराही तोंडं, सवयीने, मावशीकडे वळली. एवढं तिला कडेकडेने दिसलं.

शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने दोरा ओढून घेतला, बटणाभोवती तीन वेढे दिले, आणि काहीच न बोलता वाट बघत बसली.